मेश्रामकाकांचं अक्षर

मेश्रामकाकांच्या घरात कुठल्याही वस्तूला कारणाशिवाय मरता येत नाही. गॅरेजमध्ये एक लांब फळी आहे. तिच्यावर बंद पडलेल्या वस्तू ओळीने बसलेल्या आणि प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. टोस्टर: 'वार्धक्य'. मिक्सर: 'अतिश्रम, पन्नास माणसांचं इडलीचं पीठ'. इस्त्री: 'हलगर्जी, जावई'. जावई सुट्टीत आले की काकू ती चिठ्ठी उलटी करून ठेवतात.

काका मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत, चँडलरमधल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं: नापास चिप उघडायची आणि ती का नापास झाली ते शोधायचं. रिटायर झाल्यावर चिप संपल्या, शोध मात्र संपला नाही. मी म्हणावं, "काका, आमचा मायक्रोवेव्ह गेला." काका लगेच विचारणार, "काहून?" आता ते मला ठाऊक असतं तर मी त्यांच्या दारात कशाला उभी राहिले असते?

मी त्यांची शेजारीण. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या दाढा साफ करते आणि घरी आल्यावर बदलून टाकणाऱ्या पक्षात असते. बिघडलं की नवं आणायचं, डोक्याला ताप नको.

मागच्या जुलैत काकांचा लॅपटॉप बंद पडला. पंधरा वर्षांचा, विटेएवढा जाड. चँडलरच्या वाळवंटी जुलैत आम्ही स्टिअरिंग रुमालाने धरतो, आणि काकांनी तो दुपारभर गाडीत ठेवला होता. बॅटरी फुगून तळ वर आला. काका कारण लपवणारे नव्हेत. त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'हलगर्जी, स्वतः'. फळीवर जागाही केली. पण लॅपटॉप काही तिथे ठेवेनात.

"यार काका, सोडा ना आता," मी म्हटलं. "नवा ऑर्डर करू, दोन दिवसांत येईल."

"जनाताईंना जायचं मंगळवारचं पत्र चुकून राहिलं," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे काका नव्याला तयार झाले.

भंडारा जिल्ह्यातल्या गावी काकांची मोठी बहीण राहते, जनाताई; काका म्हणजे तिचा मधू. दर मंगळवारी तिला टपालाने पत्र जातं. काकांचे हात अलीकडे थरथरतात, पण ही पत्रं त्याच्या कितीतरी आधीपासून टाइप होतात, मोठ्या अक्षरात. शेवटी नवा लॅपटॉप आला. मीच निवडला. पत्र छापलं, पोस्टात पडलं आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तीन आठवड्यांनी काकांच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत होते. फोन स्पीकरवर होता.

"मामाजी, माय दोन दिवसांपासून धड जेवली नाही. म्हणते, हे अक्षर मधूचं नाही. त्याला काही झालं, अन् तुम्ही माझ्यापासून लपवून राहिले."

"ताई, अगं मीच बोलतो आहे," काका जवळजवळ ओरडले.

पलीकडून म्हातारा, ठाम आवाज आला. "आवाज त्याच्यासारखाच आहे. पण फोनचं काय खरं?"

मग काकूंनी मला सांगितलं. जनाताईंनी दुसरीत शाळा सोडली आणि मजुरीला गेल्या, म्हणून मधू शिकला. साठी उलटल्यावर त्या वाचायला शिकल्या, त्या काकांच्या या पत्रांवरून. जुन्या लॅपटॉपमधलं ते जाड, गोलसर छापील अक्षर म्हणजे त्यांच्या लेखी भावाचं हस्ताक्षर. आणि तो जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम माझ्या चकचकीत नव्या लॅपटॉपवर चालतच नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी ती 'हलगर्जी'ची चिठ्ठी फाडली. "मेला नाही तो," म्हणाले.

नवी बॅटरी आली. तरी दिवा लागेना. भिंगाखाली पाहिलं तर बोर्डावर तांदळाच्या कणीएवढा एक भाग जळला होता. तसाच नवा भाग मागवला, पण तो सोल्डर करायला हात स्थिर हवा. काकांनी आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या.

"तू दाढांमध्ये रोज हेच करते ना? बस इथं."

"काका, मी बिघडवलं तर?"

"श्वास सोड. हिरडी आहे समज. दुखली नाही पाहिजे."

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ती कणी जागेवर बसली. काकांनी बटण दाबलं, पंखा खोकला आणि पडदा उजळला. काकूंनी लाटणं हातात घेऊनच धाव घेतली. काकांनी दोन्ही थरथरते हात वर केले, आणि मी, बदलून टाकणाऱ्या पक्षाची कार्यकर्ती, गॅरेजमध्ये चक्क नाचले.

"काहून चालला?" मी विचारलं.

"तू केला म्हणून," काका म्हणाले. तपास न करता त्यांनी दिलेलं हे पहिलं कारण.

त्याच दिवशी पत्र गेलं. नवा लॅपटॉप आता फळीवर असतो, गळ्यात चिठ्ठी: 'निर्दोष'.

पुढे भाच्याने एक फोटो पाठवला. वहीचं पान, त्यावर जनाताईंनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेलं पत्र. 'मधू, अक्षर ओळखलं. आता जेवते.' जाड, गोलसर अक्षरं, एकेक सुटं, दोन ओळींत बोटभर अंतर, थेट त्या लॅपटॉपमधल्यासारखी.

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. तो हातात हलत होता, म्हणून मी त्यांचं मनगट धरलं.

"पाहून घे," ते म्हणाले. "आम्हा दोघा भावंडांचं अक्षर एकच आहे."