गावंडेबाईंना आलेलं स्थळ

सुमती गावंडे यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिलं स्थळ सांगून आलं, ते कपाशीवरच्या एका पतंगाचं होतं.

तो दिवेलागणीला आला, दाराच्या जाळीवर बसला आणि त्याने आत येऊ का म्हणून विचारलं. बाईंकडे बऱ्याच दिवसांत कोणी आलं नव्हतं, त्यामुळे खुर्चीवरचे वाळलेले कपडे आधी उचलावे लागले.

"एकटाच आलोय. वडीलधारं कोणी उरलं नाही," पतंग म्हणाला.

"माझ्याकडेही नाही. बोला तुम्ही."

त्याने विषय काढला. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि मग आडपडदा न ठेवता खरं ते सांगितलं. त्या कापूस संशोधन केंद्रात कामगंध सापळ्यांचं काम बघत. नराला बोलावण्यासाठी मादी जो वास सोडते, तोच वास त्या प्रयोगशाळेत रबराच्या बुचांत भरत. बूच सापळ्यात टांगलं की नर येत आणि खालच्या पिशवीत पडत. इतक्या वर्षांत तो वास त्यांच्या हातांत मुरला होता. त्यांना स्वतःला तो कधीच आला नव्हता. माणसाच्या नाकात त्याची सोय नसते.

"तेव्हा तुमची फसगत झालीय," बाई म्हणाल्या. "हा वास बाटलीतला आहे."

"माझ्या मिशांत वाहक आहेत," पतंग शांतपणे म्हणाला. "वास तेलकट, आतला रस पाण्यासारखा. वासाला एकट्याने तो ओलांडता येत नाही. वाहक त्याला उचलून पार आतल्या दारापर्यंत पोचवतात. त्यांनी तुम्हाला आणलं."

"ती प्रथिनं आहेत हो. त्यांना ना बाटली कळते, ना मादी. आकार जुळला की उचलतात."

"तुमच्यात स्थळं वेगळी बघतात का?"

बाईंनी दुसरा मुद्दा काढला. "खरी मादी कपाशीवर बसते. तिच्या वासाबरोबर पानांचाही वास यायला हवा. तो आला नाही, हे तुमच्या ध्यानात नाही आलं?"

"आलं ना. पानांचा वास आणणारे वाहक वेगळे. ते रिकाम्या हातांनी परतले. मला वाटलं, ही बाई शेतापासून लांब, एकटीच राहते."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी दोन कप चहा केला. पतंग चहा घेत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

तो राहिला. संध्याकाळी बाई कामावरून आल्या की तो खुर्चीच्या पाठीवर येऊन बसे आणि केंद्रात दिवसभर काय झालं ते विचारी. बाईंना वाटलं होतं, सांगण्यासारखं काही नसेल. पण बोलता बोलता भाजी गार होऊन जाई.

मग एके दिवशी खुर्चीवर पंखांची भुकटी सांडलेली त्यांना दिसली. ती कशाची खूण आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

"तुमचं आयुष्य पंधरवड्याचं," त्या म्हणाल्या. "ते इथे खुर्चीवर काढू नका."

"तुम्ही हो म्हणाला असता का?"

"म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर जा म्हणतेय."

दुसऱ्या दिवशी मावळतीला त्या त्याला ओढणीवर बसवून केंद्राच्या शेतात घेऊन गेल्या. आधी त्यांनी वाफ्यातले सगळे सापळे काढून डब्यात बंद केले. मग दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून गाठी मारल्या. कपाशीवरून वारा आला. पतंगाने मिशा उभारल्या.

"वास येतोय?"

"येतोय. दोन्ही वासांचे वाहक भरून आलेत."

"आणि माझा?"

पतंगाने अंमळ वाट पाहिली. "नाही येत आता," तो म्हणाला.

"मग निघा."

तो निघाला. कपाशीत तसे पुष्कळ उडत होते, त्यांतला तो कोणता हे लवकरच सांगता येईना. अंधार पडल्यावर बाईंनी पिशव्यांच्या गाठी दातांनी सोडल्या.

सकाळी केंद्रात टोंगेसाहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. "बाई, सापळे काढले तुम्ही? सबंध हंगामाचा प्रयोग वाया गेला ना."

"मला आलेलं स्थळ होतं, साहेब. त्याला जायला वाट मोकळी हवी होती."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कपाशीवरचा?"

"हो."

"मोडलं म्हणता?"

"मोडलं."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

साहेबांनी रजेचे नियम चाळून पाहिले. लग्नाला रजा होती, पण मोडलेल्या लग्नाचं नियमात काही नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या अधिकारात अर्ध्या दिवसाची रजा दिली आणि सापळे उद्या पुन्हा लावावेत असं सांगितलं.

बाईंनी रजा घेतली. घरी जाऊन काय करायचं ते सुचेना, म्हणून त्या दुपारभर केंद्राच्याच व्हरांड्यात बाकावर बसून राहिल्या. येणारेजाणारे समोरून जात होते. त्या रजेवर असल्यामुळे कोणी त्यांना हाक मारली नाही.