आबांची टोचणी

नामदेवआबांच्या घरी जायचं तर आधी हात धुवावे लागतात. ओट्याच्या पायरीशी बादली, तांब्या आणि साबणाची वडी मांडलेली असते. आबा स्वतः पाणी घालतात, धुतलेला हात नाकाशी नेऊन हुंगतात आणि मगच म्हणतात, "हां, या आता." मतं मागायला वडिवळ्यात आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी पुन्हा धुवायला लावलं होतं. त्याच्या खिशात खारे दाणे निघाले.

आबांचं वैर शेंगदाण्याशी. त्यांची नात तन्वी पहिलीत आहे, आईवडिलांबरोबर तळेगावात राहते. मागच्या दिवाळीत आबांनी तिला आपल्या हातानं लाडू भरवला. लाडवात शेंगदाणे होते, तीळ होते, काजूही होते. बघता बघता पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घेता येईना. मुलानं तिला गाडीत घालून कामशेतला नेलं. तिथं डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. आबांना कुणी बोल लावला नाही. पण त्यानंतर तन्वी वडिवळ्याला आली नाही.

आबांचा पहिला संशय शेंगदाण्यावर. त्यांनी घरातला दाणा न् दाणा बाहेर काढला. मी त्यांची शेजारीण आणि गावच्या शाळेतली बाई, म्हणून त्यांच्या बायकोचं, काकूंचं, गाऱ्हाणं माझ्याकडे आलं. कुटाबिगर वांग्याची भाजी म्हंजी नवऱ्याबिगर वरात, असं त्यांचं म्हणणं होतं.

तळेगावच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली. लाडवातल्या नेमक्या कशानं झालं ते कळायला हवं होतं. पण टोचणार हे ऐकताच तन्वी पलंगाखाली जाऊन बसली. हे कळल्यापासून आबांनी तपासणीचा ध्यासच घेतला. दवाखान्यात जाऊन ते डॉक्टरांना खोदून खोदून विचारत आणि संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन मला शिकवत.

"बाई, चोर कंचा ते ठरलं पायजे," हे त्यांचं पालुपद. एक तपासणी कातडीची. हातावर एकेका पदार्थाचा थेंब ठेवायचा, त्यातून हलकेच टोचायचं आणि पाव तास थांबायचं. गांध उठली की संशयित सापडला. दुसरी रक्ताची. तिला सुई मोठी आणि निकालाला वेळ. पाठीवर पट्ट्या लावतात ती तिसरी, पण ती कातडीला काही लागून उठणाऱ्या पुरळासाठी, खाण्यासाठी नव्हे. आणि शेवटची म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांसमोर तो पदार्थ कणाकणानं खाऊन बघायचा. ती घरी करायची नाही. हे सांगताना आबा माझ्याकडे असे रोखून बघत, जणू मी ती घरी करायलाच निघाले होते. नुसती गांध उठली म्हणून चोर ठरत नाही, खाल्ल्यावर काय झालं होतं तेही जुळावं लागतं, हेही ते बजावून सांगत.

मग एक दिवस आबा स्वतःच टोचून घ्यायला गेले. भात झोडताना लय शिंका येतात, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. सर्दीची गोळी घेतली होती म्हणून पहिल्यांदा परत पाठवलं. तिच्यानं गांध दबते. पुढच्या खेपेला नाक पुसत गेले आणि हातावर एक गांध घेऊन आले. ती हमखास गांध उठवणाऱ्या औषधाच्या थेंबाची होती, परीक्षा खरी चाललीय ना हे बघायला सगळ्यांनाच टोचतात तो. बाकी काहीच उठलं नव्हतं. तरी त्यांनी ती गांध सगळ्या आळीला दाखवली.

मी म्हटलं, "आबा, भात झोडताना तुम्ही कधी शिंकल्याचं मी पाहिलं नाही."

"न्हाईच येत शिंका," आबा म्हणाले. "पोरगी इचारणार, आबा दुखतं का म्हणून. आता तिला खोटं सांगू व्हय?"

तन्वीच्या तपासणीला आबा मलाही घेऊन गेले. डॉक्टर विंग्रजीत बोलले तर असावं कुणी. तन्वीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले होते. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. दुखतं का, तिनं विचारलंच.

"मुंगी चावल्यावानी," आबा म्हणाले. "मग खाजतं. ते जास्ती अवघड."

तिनं जरा विचार केला आणि एक हात पुढे केला.

पाव तास आबा त्या हातावर फुंकर घालत होते. शेंगदाण्याची गांध टपोरी उठली. तीळ, काजू निर्दोष. डॉक्टर म्हणाले, लाडवाच्या वेळचं सगळं जुळतंय, चोर हाच. मला वाटलं, आता आबा मान डोलावतील. ते त्या हातावर फुंकरच घालत राहिले.

बाहेर आल्यावर आबांची सून म्हणाली की आता काय टाळायचं ते नक्की कळलं, जवळ ठेवायचं इंजेक्शनही डॉक्टरांनी दिलंय, कसं द्यायचं ते ती शिकवेल. "आबा, मे महिन्यात तन्वीला तुमच्याकडे ठेवू का?"

ह्याच एका प्रश्नासाठी आबांनी सगळा खटाटोप केला होता. उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं, पोरीचा हात सुनेच्या हातात दिला.

"तू बी ऱ्हा संगं," ते हळूच म्हणाले. "मला एकट्याला भ्या वाटतं."