सगळ्या बाजूंनी कललेला खांब

बस्त्याव अंकल कुणाच्याही घरी गेले, की आधी दाराच्या चौकटीला ओळंबा लावत आणि मगच बसत. गवंड्याकडे असतो तसा पितळी, दोरीला बांधलेला. तो कायम शर्टाच्या खिशात असल्यामुळे स्वतः अंकलच एका बाजूला कललेले दिसत. नोकरी सगळी वाणगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. बांधकामाशी संबंध एवढाच, की कुठल्याही बांधकामावर त्यांचा विश्वास नव्हता. "दिसतं सरळ," ते म्हणत. "दिसण्यावर जाऊ नका."

सगळ्यात मोठा संशय आमच्या डहाणूच्या जुन्या चर्चवर. पुढे चार उंच गोल खांब आणि त्यांच्यावर मोठा त्रिकोण, जुन्या ग्रीक देवळांच्या धर्तीचा. त्यातला उजवीकडून दुसरा खांब कलला आहे, असं अंकलचं म्हणणं.

"कुठल्या बाजूला?" फादरांनी विचारलं.

अंकलनी शिडीवर चढून चारी बाजूंनी ओळंबा सोडला. दर वेळी खांबाचं बूड दोरीच्या आड आलं. "सगळ्या बाजूंनी."

"सगळ्या बाजूंनी कसा कलेल, अंकल?"

"तेच तर संशयास्पद आहे, फादर."

मला मोजल्याशिवाय काही पटत नाही. मी टेप आणली, खालचा घेर घेतला, वरचा घेतला. वरचा कमी भरला. असे खांब मुळातच वर निमुळते करतात. चारही तसेच होते. हे मी अंकलना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टेप कुणाची?"

मग मला त्यांचाच संशय येऊ लागला. पुतण्या कंत्राटदार, दुरुस्तीचं काम त्याला मिळवून द्यायचं असणार. शिवाय चार खांब असताना हा माणूस दर रविवारी येऊन मोजतो एकच.

२०१८च्या दिवाळीनंतर डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. एका रविवारी मिस्सा सुरू व्हायच्या आधीच जमीन हलली आणि त्याच खांबावरून थोडा गिलावा पडला. फादर सगळ्यांना घेऊन आवारात आंब्याखाली गेले. खांबापाशी खुर्ची टाकून बसलेली रोझी आंटी तेवढी जागची हलली नाही. ती अंकलची थोरली बहीण. चिखल्याच्या चिकूवाडीची वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. आत गुदमरतं म्हणून ती नेहमी तिथेच बसे.

अंकलनी माझा दंड धरला. "तिला उठवा तिथून."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर खांबाला मिठी मारून बसेल."

मी गेलो. आंटी खांद्यावरचा चुना झटकत होती.

"त्याने पाठवलं ना तुला?"

मी मागे आंब्याकडे पाहिलं.

"आत मला काही गुदमरत नाही रे," ती हळू आवाजात म्हणाली. "पण मी आत जाऊन बसले तर तो फाटकापर्यंतसुद्धा यायचा नाही. इथे बसते, म्हणून खांब बघायला तरी येतो. त्याला सांगू नकोस."

मी परत येऊन अंकलना एवढंच सांगितलं, की नाही म्हणते.

"हट्टी. आईवर गेलीय."

मग त्यांनी आंब्याखालच्या एका बाईंची छत्री मागून घेतली, खांबापाशी गेले आणि बहिणीच्या डोक्यावर ती उघडून, तोंड दुसरीकडे करून उभे राहिले. तिने वर पाहिलं नाही. फक्त खुर्ची थोडी सरकवली, दोघांनाही छत्री पुरेल इतकी.