नवसाला पावलेला मेघोबा

देव मी घडवतो आणि मनात आलं तर त्याला माणसात आणतो, असं मी हिंजवडीच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. माझी 'मेघकेतू' ही मालिका लोक मोबाइलवर ऐकतात. स्वर्गातून हाकललेला गर्विष्ठ देव मुळशीत येऊन पडतो, म्हशी राखतो, शेण काढतो आणि हळूहळू सुधारतो. शेवटचा भाग रविवारी पाचला येणार होता.

त्याच दिवशी चार वाजता नेऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीचं दार वाजलं. दारात घरमालकीण रंभाबाई, मागं पुरणपोळीची ताटं घेतलेल्या पाच बाया.

"मेघोबा कुटं बसवलाय?"

"कोण मेघोबा?"

"तुझ्या गोष्टीतला. आमची म्हैस अडली व्हती. डाक्टरनं हात टेकलं. मी नवस बोलले, सुखरूप मोकळी झाली तर तू मागशील ते देईन. पावला की. रेडी झाली."

मी हादरलोच. "मावशी, तो देव मी रचलाय. असा कुणी नाहीच."

"मग रेडी कुणी दिली? तू?"

आणि शेवटच्या भागात तर मेघकेतू देवपणच सोडतो! नवसाला पावलेला देव मी असा घालवला हे यांनी ऐकलं, की माझं बोचकं अंगणात. नेऱ्यात आता दुसरी खोली मिळणं म्हणजे लॉटरीच.

मी संपादक जुईलीला फोन लावला. "भाग थांबव. त्याला देवच राहू दे."

"वेडा आहेस का? आठ महिने त्याला सुधारवलंस ते कशासाठी? भाग कधीच चढवलाय."

पाचला अंगणात पाटावर मोबाइल मांडला. त्याला हळदकुंकू वाहिलं, तेही थेट काचेवर. मेघकेतू माझ्याच आवाजात म्हणाला, "मला देऊळ नको, नैवेद्य नको. माणसासारखी चार भिंतींची एक खोली मिळाली, तरी भरून पावलो."

रंभाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"केवढा ताठा व्हता त्याला. लई शाना झाला माझा मेघोबा."

वाचलो बुवा! मी पुरणपोळीला हात घातला. रंभाबाईंनी ताट बाजूला सरकवलं.

"नवस फेडला न्हाई तर म्हैस आटंल. त्यानं खोली मागितलीया, तू बी ऐकलंस."

"पण मावशी, तुमच्या सगळ्या खोल्या भरल्यात."

"व्हय. म्हणून म्हंते, तुझी रिकामी कर."

सध्या मी लांबच्या कासार आंबोलीहून ऑफिसला ये-जा करतो. परवा कळलं, मेघोबासाठी खोलीत एसी बसवलाय. मी दोन वर्षं साधा पंखा मागत होतो.