मुलजिम : एक पतंग, लांबी सहा मिलिमीटर

‘सबंध मराठवाड्यात माझ्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार अजून जन्माला यायचा आहे. माझं नाक पोलिसी कुत्र्याचं, डोळा घारीचा, आणि स्मरणशक्तीबद्दल विचारू नका, कारण विचारलंत तर मी सांगेन.’

हा मजकूर माझे मामा दत्तोपंत लासूरकर यांनी स्वतःबद्दल लिहून औरंगाबादेत गुलमंडीवरच्या आपल्या खोलीच्या दाराला चिकटवला होता. खाली ‘खासगी तहकीकात’ असं होतं. त्याखाली भेटीची वेळ होती. गिऱ्हाईक मात्र नव्हतं.

मामा पूर्वी करोडगिरीत होते. निजामाच्या हद्दीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची बोचकी उलगडून जकात घेणारं ते खातं. पोलीस ॲक्शननंतर आधी निजाम गेला, मग हद्द गेली, मग खातं गेलं. मामांची बोचकी उलगडायची सवय तेवढी राहिली, आणि खात्याचा निळा लोकरी कोट. तो ते एप्रिलातही घालत. आपल्याला उकडतंय हे मुलजिमाला, म्हणजे आरोपीला, कळू देऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी मामा चहाला आले असताना माझ्या टेबलावर एक पतंग येऊन बसला. सहा मिलिमीटर, करडा, पुढच्या पंखांवर सोनेरी खवल्यांचा तिरपा पट्टा. मी पंखांच्या शिरा तीनदा मोजल्या. अशा शिरांचा पतंग कुठल्याही यादीत नव्हता. वर्णन लिहून कलकत्त्याच्या एका मासिकाकडे पाठवलं. उत्तर आलं, ‘ही एक मादी आहे. एका मादीवर आम्ही नवी जात मानत नाही. नर पाठवा, आणि तो कुठे राहतो ते कळवा. अंक एप्रिलअखेर छापायला जाईल. पुढचा अंक पुढच्या वर्षी.’

पुढच्या वर्षी मी कॉलेजात असेन याची खात्री नव्हती. माझी नेमणूक तात्पुरती होती. निबंध छापला तरच कायम करणार होते.

हे मी मामांना सांगायला नको होतं.

“उमे, सोनेरी रंग,” मामा डोळे मिटून म्हणाले. “आपल्या जिल्ह्यात सोनेरी कुठं आहे?”

“सराफ्यात.”

“अजिंठ्यात! भिंतीवरच्या चित्रांचा रंग लागलाय त्याला.”

“मामा, ते खवले आहेत.”

“मुलजिमाची बाजू घेऊ नकोस.”

आम्ही अजिंठ्याला गेलो. मामांनी पहारेकऱ्याची उलटतपासणी घेतली, आणि एका वटवाघळाचीही, दुरून. पतंग नव्हता. परतीच्या बसमध्ये मात्र सोनेरी पट्ट्याचा एक पतंग मामांच्या गुडघ्यावर येऊन बसला. मी पिशवीतून डबी काढेपर्यंत त्यांनी त्याच्यावर वर्तमानपत्र हाणलं.

“पकडला!”

पकडला होता. अर्धा गुडघ्यावर, अर्धा अग्रलेखावर.

“आपल्या पाळतीवर होता,” मामा समाधानानं म्हणाले.

पुढच्या आठवड्यात देवगाव रंगारी. “रंगाऱ्यांचं गाव! रंग इथंच चढवतात,” मामांनी बसमध्येच निकाल दिला. गावात रंगारी कुणी भेटला नाही, सगळीकडे कापूस होता. स्टँडवरच्या हॉटेलात चहा मागवला, तेव्हा करडा पतंग अलगद मामांच्या कपात उतरला.

“मामा, हलू नका.”

पण मामा विचारात होते, आणि विचारात असले की ते मोठा घोट घेतात.

“कुठं गेला सबूत?”

“पोटात.”

मामांनी डायरी काढली आणि लिहिलं, ‘मुलजिम ताब्यात.’

घरी येऊन मी नकाशावर तीन ठिपके दिले. माझं टेबल, अजिंठ्याची बस, देवगाव. “टोळी आहे,” मामा म्हणाले. “जिल्हाभर पसरलेली.” त्या वेळी मलाही याहून बरं काही सुचलं नव्हतं, हे नमूद केलं पाहिजे.

अठ्ठावीस एप्रिलला रविवार होता. जेवण करून मामा कोट खुंटीला अडकवून झोपले. मी त्या एकुलत्या मादीकडे पुन्हा सूक्ष्मदर्शकातून पाहत बसले होते. परसातून धपाधप आवाज आला. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मनकर्णाबाईंनी कोट दोरीवर टाकला होता आणि त्या तो काठीनं झोडपत होत्या. शेजारी चुलीवर सोड्याचं पाणी उकळत होतं.

“काय करताय?”

“कसर लागलीया कोटाला, ताई. लई दिसापासनं. मामासायब आले की घरभर उडती. दर आयतवारी खुंटीखाली झाडते मी.”

“सोनेरी पट्ट्याची?”

“व्हय की.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी दोगं कसर बगाया पार अजिंठ्याला गेलता. म्हनलं, शिकल्याली मानसं हायेत, तिकडली येगळी आसंल.”

एवढं बोलून त्यांनी कोट उचलून हंड्यावर धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

त्या ओरडण्यानं मामा जागे झाले आणि सदऱ्यावरच धावत आले. “माझ्या कोटाला हात कुणी लावला?”

मी डाव्या खिशात हात घातला. आत नमद्याचा, म्हणजे घोड्याच्या जिनाखाली घालतात त्या दाबलेल्या लोकरीचा, एक तुकडा होता.

“हे काय?”

“सबूत आहे. शेहेचाळीस साली एका घोडेवाल्याकडनं जप्त केला होता. मुकदमा उभा राहायच्या आत राज्यच गेलं.”

नमद्यात आणि कोटाच्या शिवणींत बारीक बारीक नळ्या होत्या. अळ्यांनी लोकरीचे तंतू ओढून विणलेली घरं. अकरा पतंग मिळाले. त्यांत नर चार. मामा अकरा वर्षं टोळीचा पत्ता खिशात घेऊन फिरत होते.

अळ्या वाढवून पाहायच्या तर मला तो कोट लागणार होता, अख्खा. मी तसं सांगितलं. मामांनी कोटाची कॉलर सरळ केली. नुसत्या सदऱ्यात ते फार लहान दिसत होते.

“म्हणजे जप्ती,” ते म्हणाले.

“जप्तीच.”

“मग पावती फाड. बिनपावतीचा माल मी कधी कुणाचा घेतला नाही.”

मी लिहिलं, ‘कोट, निळा, नग एक, आतील प्रवाशांसह.’ मामांनी ते दोनदा वाचलं, ‘प्रवाशांसह’च्या खाली रेघ मारली आणि सही केली. मग त्यांनी स्वतःच कोटाची घडी घातली.

त्याच संध्याकाळी मी कलकत्त्याला तार केली, पाठोपाठ नर टपालानं रवाना केले, आणि निबंध छापून आला. मी कायम झाले. पतंगाच्या जातीला मनकर्णाबाईंचं नाव दिलं.

“कसरीला माजं नाव?” त्या म्हणाल्या. “गल्लीत कुनाला सांगू नगा, ताई.”

मामा रुसले होते. मी त्यांना दुसऱ्या पानावरची एक ओळ मराठीत लिहून दिली, ‘सापडल्याचे ठिकाण : द. लासूरकर यांचा कोट, डावा खिसा, औरंगाबाद.’

ती ओळ आता त्यांच्या दारावर आहे. खाली त्यांनी आपल्या अक्षरात भर घातली आहे, ‘या प्रकरणात तपासनीस घटनास्थळी सुरुवातीपासून जातीनं हजर होते.’