हे एकोणचाळीस जण कोण?

डोंबिवली पूर्वेला एवढी वस्ती आहे, पण ‘मला हे मान्य आहे’ या बटणाच्या वरचा सगळा मजकूर वाचणारी व्यक्ती माझ्या माहितीत एकच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या पेडणेकर मॅडम. सोसायटीच्या नव्या लिफ्टचा करार त्यांनी वाचायला घेतला आणि लिफ्ट तीन आठवडे तळमजल्यावर उभी राहिली. ‘कलम नऊ आणि कलम चौदा एकमेकांशी भांडतायत,’ असं त्यांचं म्हणणं. भांडत होती, हे नंतर वकिलानेही कबूल केलं. तोवर आम्ही जिन्याने सिलिंडर चढवत होतो.

मॅडम एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं केमिस्ट होत्या. ‘लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही,’ हे वाक्य त्या दिवसातून चारदा म्हणतात, त्यात एकदा तरी माझ्याकडे बघून. त्यांचा जुना लॅपटॉप रडतखडत चालायचा म्हणून मीच त्यावर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं होतं. करणी माझीच, तक्रार कुणाकडे करणार?

एका रविवारी सकाळी बेल वाजली.

“समीर, मोकळा आहेस ना?”

“नाही हो. सासरेबुवांनी ठाण्याला जेवायला बोलावलंय.”

“मग दहा मिनिटं आहेत,” मॅडम म्हणाल्या आणि जिना चढायलाही लागल्या.

त्यांना आवाजाचे तुकडे जोडायचे होते. मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या एकतीस छोट्या फायली होत्या, त्यांची एकच लांब फाईल करायची होती.

“अहो, हे फुकट करून देणाऱ्या वेबसाइट आहेत.”

“वाचल्या त्यांच्या अटी. माझा आवाज त्यांनी हवा तिथे वापरायचा म्हणे. का?”

मग राहिलं काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचं एक छोटं अवजार. तसं ते बसवणं सोपं. पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम असतो, त्याला नाव सांगितलं की तो अवजार आणतो, त्याला लागणारं सामानसुमान आणतो आणि सगळं जागच्या जागी लावतो. मी एक ओळ टाइप केली. त्याने पासवर्ड मागितला. मॅडमनी टाइप केला, पण पडद्यावर काही उमटेना.

“कीबोर्ड गेला.”

“नाही हो, पासवर्ड दिसत नाही, पण जातो.”

“कुठे जातो?”

तिसऱ्या प्रयत्नात एकदाचा गेला. मग नावांची लांबलचक यादी आली आणि खाली प्रश्न आला, पुढे जायचं का? मी ‘वाय’ दाबायला बोट पुढे केलं, तर मॅडमनी माझं मनगट धरलं.

“मी एकाला बोलावलं. हे एकोणचाळीस जण कोण?”

“ते लागतात त्याला.”

“वरात घेऊन आलाय का?”

आणि त्या एकेका नावावर बोट ठेवत सुटल्या. हा काय करतो? आणि हा? पहिल्या चारांचं मी सांगितलं. सातव्याला थाप मारली. अकराव्याला पकडला गेलो.

“माहीत नाही, असं सांग ना. त्यात कसली लाज?”

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून रविवारी सकाळी मी स्वतःच्याच धंद्यात नापास झालो. तेवढ्यात खालून बायकोचा फोन आला, “तुझी दहा मिनिटं कुठल्या गावची आहेत रे?”

दीड तासाने मॅडमनी स्वतःच्या बोटाने ‘वाय’ दाबला. अर्ध्या मिनिटात सगळं बसलं. मी तुकडे जोडले आणि नीट जुळलेत का बघायला फाईल लावली.

आवाज मॅडमचाच होता, पण असा मी कधी ऐकला नव्हता. संथ, मऊ. “उषा, आज अळू फार छान मिळालं. फतफतं केलं. तुझ्यासारखं नाही झालं, पण झालं…”

“माझी लॅबमधली मैत्रीण,” मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. “तीस वर्षं शेजारच्या टेबलावर होती. आता कल्याणला असते, मुलाकडे. मला ओळखत नाही. समोर गेले की घाबरते, ही कोण बाई घरात आली म्हणून. पण हे लावलं की ऐकत बसते. सुनेला म्हणते, ही बाई छान बोलते.” त्या जराशा हसल्या. “माझा आवाज चालतो तिला. मी चालत नाही.”

“मग जोडायचं कशाला?”

“दोन मिनिटांत तुकडा संपतो. मग ती विचारत सुटते, गेली का बाई, गेली का? सून बिचारी कामात असते. दुसरा लावेपर्यंत ही रडकुंडीला येते.”

पुन्हा फोन वाजला. “तू हो पुढे,” मी बायकोला सांगितलं, “मी येतो मागून.”

“अजून एक करता येईल का रे?” मॅडमनी विचारलं. सांगायच्या ऐवजी मॅडम काहीतरी विचारत होत्या, हेही नवीनच. “प्रत्येकाच्या शेवटी मी सवयीने ‘येते गं’ म्हणालेय. तेवढं काढ. ते ऐकलं की ती दाराकडे बघत बसते.”

एकतीस तुकडे, एकतीस ‘येते गं’. एकेक शोधून मी कापत गेलो. शेवटच्यापाशी मात्र थांबलो. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

“हा एक राहू दे?”

“नको,” मॅडम म्हणाल्या. “तोही काढ.”