पहिला नंबर उंदरांचा

"उंदीरस्ले होस आनि मानूसले नही? मंग इतले वरीस शिकीसन तुम्ही करं काय?"

सुकदेव आबांनी टेबलावर असा हात आपटला, की डॉक्टर ममता चौधरींच्या समोर ठेवलेलं प्लॅस्टिकचं गर्भाशय उडालं आणि आडवं पडलं. जळगावातल्या त्या वंध्यत्व निवारण केंद्रात लोक रडायचे, हात जोडायचे, कुणी पायाही पडायचे. विज्ञानाला जाब विचारायला भडगाव तालुक्यातून एसटीने आलेला हा पहिलाच माणूस होता. जाब कशाचा, तर दोन पुरुषांना मिळून स्वतःच्या रक्ताचं मूल अजून का होत नाही याचा.

बातमी आबांनी मोबाइलवर पाहिली होती, स्वतःच्या डोळ्यांनी.

"बातमी खरी आहे, आबा," डॉक्टरांनी गर्भाशय उचलून नीट उभं केलं. "जपानमध्ये नर उंदराच्या पेशीपासून अंडं तयार केलं, दुसऱ्या नराच्या बीजाशी त्याचा संयोग केला आणि पिल्लं झाली. पण मादीच्या पोटात शेकडो गर्भ ठेवले तेव्हा मोजकीच जन्मली. माणसाचं तसं अंडं अजून कुणालाही बनवता आलेलं नाही."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही. दोन बापांचं काम फार अवघड आहे. आईकडून आलेल्या जनुकांवर एक खूण असते, बापाकडून आलेल्यांवर वेगळी. दोन्हींचा मेळ बसला तरच गर्भ वाढतो. दोन्हीकडून बापाच्याच खुणा आल्या, की सगळं बिघडतं."

"मंग एक खूण बदला ना! तलाठी सातबारावरलं नाव बदलस, तुमले एक खूण बदलता येत नही?"

"तेच तर उंदरांत करून बघतायत."

"उंदीर, उंदीर!" आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमना गहू खातस, कापूस खातस, ठिबकन्या नळ्या कुरतडतस, आनि वर दोन बापनी पिल्लं बी पहिले त्यास्लेच? बरं, मनी केळीनी बाग देखा. एकबी झाडले बाप नही. तुमना जळगावमाच बाटलीमा रोपं करतस. बिगर बापनं चालस, मंग दोन बापनं काबर चालत नही?"

हा प्रश्न डॉक्टरांना परीक्षेतसुद्धा कुणी विचारला नव्हता.

"केळीला आपल्यासारखीच दुसरी केळ करायची असते, आबा. माणसाला दोघांचं मिळून तिसरंच कुणीतरी हवं असतं. तिथेच सगळा घोळ आहे. दुसरा रस्ता म्हणजे एका बाईचं अंडं, दुसरीचं पोट. पण मग मूल दोघांपैकी एकाचंच होतं. आणि आपला कायदा दोन पुरुषांना तेही करू देत नाही."

"म्हनजे विज्ञान म्हनस नही, कायदा बी म्हनस नही. आनि उंदीरस्ले ना कायदा, ना काही!"

"जोडपं कोण आहे, आबा?"

"ते इचारू नका," म्हणून आबा उठले.

जोडपं म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा भूषण आणि बोदवडचा जगदीश. दोघं पुण्याला नोकरीला होते आणि एकत्र राहत होते. दोन वर्षांपूर्वी भूषणने आईबापांना समोर बसवून सगळं सांगितलं, तेव्हा आबा उठून बागेत गेले आणि बरेच दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "तो पोऱ्या जेवनखावनले कसा शे?" तेव्हापासून पुण्याला केळी जायची ती दोन घडांनी. गावाला मात्र काही कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं होतं. गावाचं तोंड म्हणजे उघडी मोरी, त्यात आपलं पोरगं कशाला टाकायचं?

आबा तणतणत बाहेर आले ते थेट सुमनबाईंच्या पुढ्यात. सुमनबाई म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ तोताराम नाना यांची बायको. लेकीला, सारिकाला, दाखवायला त्या आल्या होत्या.

"भाऊजी? तुम्ही आठे?"

आबांच्या डोक्यावर गुटगुटीत बाळांचे फोटो होते, शेजारी 'निराश होऊ नका' असं लिहिलेलं होतं आणि सोबत बाईमाणूस नव्हतं. अशा वेळी माणसाने काहीही सांगावं. आबांनी सांगितलं, "ठिबकन्या नळ्या लेवाले उनू व्हतू."

सुमनबाईंनी फोटोंकडे पाहिलं, मग आबांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

आबांची एसटी भडगावला पोचायच्या आत बातमी गावात पोचली होती. सुकदेवला या वयात पोर हवंय. यशोदाबाई सोबत नव्हती, त्याअर्थी पोर यशोदाबाईपासून नकोय. त्याअर्थी दुसरी कुणीतरी आहे. गावाने गणित इतकं चोख सोडवलं, की कुठे खाडाखोड म्हणून नाही.

यशोदाबाई दारातच उभी होती. "नळ्या कोठे शेतस?"

आबांनी तिला आत नेऊन खरं ते सांगितलं. ती भडकली. "मंग मले संगे काबर नही लई गयात? मी बी भांडती ना!"

आता प्रश्न असा होता, की गावाला सांगायचं काय? खरं सांगावं तर भूषणचं नाव चव्हाट्यावर येणार. खोटं सांगावं तर आबांना खोटं किती जमतं हे दवाखान्यात दिसलंच होतं. शेवटी आबांनी ठरवलं, की गप्प बसायचं. मला म्हातारा चळला म्हणाले तर म्हणू देत, पोराला कुणी काही म्हणायचं नाही. संताप मात्र गप्प बसेना.

दुसऱ्या दिवसापासून बायका यशोदाबाईचं सांत्वन करायला येऊ लागल्या. कुणी तिला माहेरी जा म्हणालं, कुणी विहिरीवर जाऊन बसायची धमकी दे म्हणालं. चहा मात्र प्रत्येकीने घेतला. आबा पारावरून गेले की तरणी पोरं उठून नमस्कार करायची, आणि तो मनापासूनचा असायचा, याचाच आबांना जास्त राग यायचा. यावलकडच्या एका ओळखीच्याने मर्दानी ताकदीसाठी सातपुड्यातली सफेद मुसळी पाठवली, तीही न मागता. पाठोपाठ एका लग्न जमवणाऱ्याचा फोन आला. बाई चाळिशीची आहे, स्वभावाने गरीब आहे, मुलगा बघायला कधी येऊ?

"कोनता मुलगा?" आबा ओरडले.

"तुम्हीच की, दाजी."

या सगळ्यात खरा धसका घेतला तो तोताराम नानांनी. भावाने म्हातारपणी संसार मांडला तर वावराला नवा वाटेकरी येणार आणि बिचाऱ्या भूषणचा हक्क जाणार. त्यांनी पुण्याला फोन लावला. "कानबाईले घर ये. तुना बाप नवरदेव व्हई ऱ्हायना."

श्रावणात घरी कानबाई देवी बसली आणि भूषण आला. सोबत जगदीशही आला, कारण असला बाप त्यालाही बघायचा होता.

आबांच्या कुळात कानबाईच्या रोटाचा नियम कडक. भाऊबंदांच्या नावाने मूठमूठ गहू काढायचा, दळायचा, आणि त्याचे जाड रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा नाही, सख्ख्या जावयालाही नाही. आणि एकदा रोट ताटात पडला, की तो संपवल्याशिवाय उठायचं नाही. पंगत बसली. जगदीशला जरा बाजूला बसवून साधी पोळी वाढली होती.

नानांनी पहिला घास घेतला आणि विषयाला हात घातला. "सुकदेव, कानबाई देखी ऱ्हायनी. खरं सांग. लेकरू कोनले जोयजे?"

मूल कुणाला हवंय? आबांनी भूषणकडे पाहिलं. पोरगं मान खाली घालून बसलं होतं. सगळी पंगत आबांच्या तोंडाकडे बघत होती.

"मले," आबा म्हणाले. "मलेच जोयजे. काय म्हननं शे तुमनं?"

पंगतीत कुजबुज उठली. सुमनबाईंनी 'सांगितलं नव्हतं का?' अशा नजरेने चौफेर पाहिलं. आणि नेमक्या त्याच वेळी, हातात रोटांचं ताट घेऊन फिरणाऱ्या यशोदाबाईने जगदीशच्या पानात रोट वाढला. चुकून वाढला की मुद्दाम, हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"यशोदा! त्याले काबर वाढं? तो भाऊबंद शे का?" नाना गरजले.

यशोदाबाईने ताट खाली आपटलं. इतक्या दिवसांचं सांत्वन तिच्या डोक्यात गेलं होतं. "घरना शे तो! भूषणना शे! सून उनी असती तं तिले वाढता का नही? मंग याले बी वाढसू!"

भूषणने मान वर केली आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. आवाज कापत होता, पण वाक्यं पुरी झाली. पुतण्या नवल रागाने ताटावरून उठला, "असल्या पंगतमा मी..." आणि ताटातला अर्धा रोट बघून पुन्हा खाली बसला. रोट टाकून उठायची सोय नव्हती. ज्यांना ज्यांना निषेध करायचा होता, त्यांना तो चावून चावून गिळावा लागला.

नानांनी बराच वेळ घास घोळवला. "म्हनजे दुसरी बाई नही?"

"नही," आबा म्हणाले.

"वावरले नवा वाटेकरी नही?"

"नही."

नानांचा चेहरा बराच निवळला. "मंग दवाखानामा कसाले गयथा?"

एवढंच विचारायचा अवकाश होता. आबांनी जपानपासून सुरुवात केली. नराच्या पेशीतलं अंडं, बापाच्या खुणा, विज्ञानाचा नकार, कायद्याचा नकार, सगळं त्यांनी पंगतीपुढे मांडलं. "इतला मोठा डोंगर पोखरा, आनि काढं काय? उंदीर!"

"दोन बापना उंदीर?" नवलला राहवलं नाही. यंदा त्याचं साठवलेलं सोयाबीन उंदरांनी फस्त केलं होतं. "एक बाप व्हता तवय कमी व्हतात का?"

"मानूसना नंबर पहिले पाहिजे व्हता," सुमनबाई म्हणाल्या.

"त्या डॉक्टरीनले इचारनं पडी," नाना म्हणाले. "बठ्ठा जन जाऊत."

भूषण आणि जगदीश कोणाचे कोण, हे बाजूलाच राहिलं. सगळी भाऊबंदकी उंदरांवर खवळली. आबांना कित्येक दिवसांनी माणसांत आल्यासारखं वाटलं.

"आबा," जगदीश हळूच म्हणाला. "पण आम्हाला मूल नकोय."

आबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय नको?"

"मूल. आमचं आधीच ठरलंय, आबा," भूषण म्हणाला. "तुम्ही एकदा विचारायचं तरी."

"नको?" आबांचा आवाज घरभर घुमला. "मी त्या बाईसंगे भांडनू, गावनी मले नवरदेव करं, मुसळी पाठाडी, आनि तुमले नको? मंग हाई बठ्ठं मी कोनकरता करं?"

तोताराम नानांनी ताटातला शेवटचा तुकडा संपवला आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हनजे आमनी सुमन खोटं नही बोलनी," ते म्हणाले. "लेकरू सुकदेवलेच जोयजे व्हतं."

पंगत हसून लोळायची बाकी राहिली. जगदीशला ठसका लागला. आबांनी रागाने एकेकाकडे बघितलं, मग आधारासाठी यशोदाबाईकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने डोळ्यांना पदर लावला होता.

"हां, जोयजे व्हतं," आबा म्हणाले. "आजूनबी जोयजे. मंग?"